रंगीत गोळ्यांतून रासायनिक अभिक्रिया
रासायनिक अभिक्रियेत अणू नष्ट होत नाहीत, तर त्यांना जोडणारे बंध तुटून नवे बंध तयार होतात, हे तत्त्व जेलीच्या रंगीत गोळ्या आणि टूथपिक यांच्या साहाय्याने शालेय प्रकल्पात स्पष्ट करता येते. बायोगॅसमधील मिथेनच्या ज्वलनासाठी कार्बनची १ काळी, हायड्रोजनच्या ४ पांढऱ्या व ऑक्सिजनच्या ४ लाल गोळ्या घेऊन मिथेनचा १ आणि ऑक्सिजनचे २ रेणू, म्हणजे अणूंचे जोडलेले गट, तयार करावेत. बंध दाखवणाऱ्या टूथपिक काढून त्याच ९ गोळ्या नव्याने जोडल्या की कार्बन डायऑक्साइडचा १ आणि पाण्याचे २ रेणू मिळतात. रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी अठराव्या शतकात प्रस्थापित केलेला वस्तुमान अक्षय्यतेचा नियम येथे डोळ्यांना दिसतो. ज्वलनातील ऊर्जा मात्र हे प्रारूप दाखवत नाही, याची नोंद विद्यार्थ्यांनी अवश्य करावी.