शेड कार्ड उघडण्याआधी

दसरा सरला की बाह्यरुग्ण विभागात मी एक प्रश्न हमखास विचारते : घरात रंगकाम चालू आहे का? खोकला, धाप, डोळ्यांची आग, जड डोके यांमागे पुष्कळदा तेच निघते. दमेकऱ्याला ताज्या ऑइल पेंटच्या खोलीत काढलेली एक रात्रही भोवते.

पण मला आठवतो तो एक दोन वर्षांचा मुलगा. आजी त्याला घेऊन आल्या होत्या. चिडचिड, बद्धकोष्ठता, पोटदुखी. लोहाचे औषध नीट देऊनही रक्त वाढेना. ‘माती खातो का?’ मी विचारले.

‘माती नाही हो बाई, खिडकीचे पोपडे सोलून खातो. कितीदा हात झटकला त्याचा!’

जुन्या चाळीतली खोली. खिडकीवर पिवळ्या ऑइल पेंटचे थरावर थर. दिवाळीआधी रंगाऱ्याने ते कोरडेच घासले होते आणि पोर त्याच फरशीवर खेळत होते. रक्तातले शिसे तपासले, ते बरेच वाढलेले निघाले.

चटकदार पिवळ्या, नारिंगी, लाल ऑइल पेंटमध्ये पूर्वी शिशाची संयुगे सर्रास असत. 1 नोव्हेंबर 2017 पासून आपल्याकडे घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. मात्र हा नियम नव्या डब्यासाठी आहे. तुमच्या आजोबांनी रंगवलेल्या दाराला तो कसा लागू होणार? पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. शरीरात लोह कमी असेल तर आणखी जास्त. त्याचा मेंदूवर होणारा परिणाम पुढे भरून येत नाही.

म्हणून रंगछटा नंतर निवडा, आधी जुना रंग पाहा. तो घट्ट धरून असेल तर उगाच खरवडू नका, त्यावरच नवा हात द्या. पोपडे सुटत असतील तर पृष्ठभाग ओला करून घासायला सांगा. ज्योतीने रंग जाळू देऊ नका. फरशी कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा. मुले आणि गरोदर बाई तेवढे दिवस नातेवाइकांकडे राहू देत. भिंतीला ओल असेल तर आधी गळती काढा. कितीही महागडा रंग लावला तरी बुरशी पुन्हा वर येते.

आता रंगाचे. आतल्या भिंतींना पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा इमल्शन बरा. मुलांचे हात पोचतात तिथे आणि स्वयंपाकघरात किंचित चकाकीचा, पुसता येणारा, छताला मॅट. फार चकचकीत भिंतीवर दिव्याची तिरीप पडली की मोतीबिंदूवाल्यांचे डोळे दिपतात. घरात वृद्ध असतील तर भिंत फिकी आणि दाराची चौकट गडद ठेवा, रात्री उठल्यावर दार चटकन सापडते. रंग झाल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या हव्यात, पाहुणे यायचे असले तरी.

त्या मुलाला आम्ही मावशीकडे पाठवले, लोह-कॅल्शियम चालू ठेवले. खिडकी ओली घासून नव्याने रंगवली. पुढच्या तपासण्यांत शिसे हळूहळू उतरत गेले. त्याचे बोलणे मात्र उशिरा आले. खिडकीला पांढरा रंग आजींनीच निवडला. सून म्हणत होती, मळेल. ‘मळू दे,’ आजी म्हणाल्या, ‘पुसायला मी आहे.’