सोलापूर जिल्हा कोणत्या मुलखातला? गैरसमज आणि वस्तुस्थिती

श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातलं आणि सोलापूर जिल्ह्यातलं गाव, याबद्दल वाद नाही. वाद त्यापुढे सुरू होतो. सोलापूर पश्चिम महाराष्ट्रात मोडतं, मराठवाड्यात, की तो मुळातच कानडी मुलूख? असे वाद जगभर चालतात. अमेरिकेची जनगणना बाल्टिमोर शहराला 'दक्षिणे'त मोजते, पण दक्षिणी वळण तिथे शोधावं लागतं. आपल्याकडच्या वादाचं मूळही सरकारी विभागणी आणि संस्कृती यांच्यातल्या अशाच फरकात आहे. जिल्हा ही कारभाराच्या सोयीसाठी बांधलेली मोट असते. माणसांची बोली, बाजार, देवस्थानं आणि सोयरिकी मात्र पाण्याच्या आणि वाटांच्या मागे जातात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की गैरसमज होतात, आणि सोलापूरबद्दल असे तीन गैरसमज घट्ट रुजले आहेत.

पहिला गैरसमज असा की सोलापूर जिल्हा हा पूर्वापार एकसंध मुलूख आहे. वस्तुस्थिती अशी, की 1871 मध्ये सोलापूर, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा यांच्यासोबत साताऱ्याचे पंढरपूर आणि सांगोला हे भाग जोडून हा जिल्हा नव्याने उभा राहिला, आणि माळशिरस त्यात आलं ते त्यानंतर, 1875 मध्ये. म्हणजे श्रीपूरचा परिसर सोलापूरला जोडला जाऊन दीडशेच वर्षं झाली आहेत. त्यानंतरही इथलं जगणं पश्चिमेकडूनच घडत राहिलं. निरा उजव्या कालव्याने भाटघरचं पाणी या कोरडवाहू रानात आणलं. त्या पाण्यामागोमाग सासवडचे माळी शेतकरी आले आणि माळीनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पुण्याच्या चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने श्रीपूरला कारखाना काढला. तुकोबांची पालखी सराटीहून निरा ओलांडून अकलूजला येते, माळीनगरला उभं रिंगण होतं आणि पुढे बोरगावला मुक्काम पडतो. 2008 च्या पुनर्रचनेत झालेल्या माढा लोकसभा मतदारसंघातही माळशिरसच्या जोडीला साताऱ्याचे फलटण आणि माण आहेत. जिल्ह्याचं ठिकाण पूर्वेला असलं, तरी या भागाची ओढ पश्चिमेलाच राहिली आहे.

दुसरा गैरसमज म्हणजे सोलापूर मराठवाड्यात येतं. उन्हाळा, अवर्षण, ज्वारी आणि धाराशिवची जवळीक यांमुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण मराठवाडा म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातला मराठी मुलूख, जो 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. सोलापूर त्याआधीपासून मुंबई इलाख्यात होतं. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबादवर कारवाई झाली, तेव्हा भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहूनच नळदुर्गकडे निघाली. जिथून सैन्य संस्थानात शिरलं, ते गाव संस्थानात नव्हतं हे उघड आहे. तरीही सीमेने व्यवहार तोडला नव्हता. 1897 मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढे लातूरपर्यंत गेली आणि संस्थानातल्या मालाला तिने वाट दिली. म्हणून बार्शीचा बाजार मराठवाड्याशी बांधलेला आहे हे खरं, पण त्यावरून जिल्हा मराठवाड्याचा ठरत नाही.

तिसरा गैरसमज सर्वांत नाजूक आहे : सोलापूर मूळचं एका भाषेचं, दुसरी भाषा नंतर घुसली. असं दोन्ही बाजूंनी म्हटलं जातं. महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालाने दक्षिण सोलापूरमधली गावं आणि अक्कलकोट तालुका हे भाग म्हैसूर राज्याला द्यावेत असं सुचवलं आणि महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. त्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल इथे शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांमध्ये तो गणला जातो. आणि पुढच्याच शतकात तिथून जवळ, सोलापुरात, संत सिद्धरामेश्वरांनी कन्नडमध्ये वचनं रचली. आजही संक्रांतीला त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. विणकामासाठी आलेल्या पद्मशाली समाजाने या शहराला तेलुगू दिली आणि सोलापुरी चादरीचं नाव देशभर नेलं. इथे एक भाषा घरची आणि दुसरी पाहुणी असं कधी नव्हतंच.

यावर रास्त आक्षेप येतो, की सगळंच मिश्र म्हटलं तर प्रदेशांना अर्थ काय, आणि हक्काचा निधी मागायचा कुठल्या नावाने? उत्तर असं, की कारभाराला एक रेघ लागतेच आणि ती स्पष्ट आहे. सोलापूर पुणे विभागात आहे, आणि 1994 मध्ये विकास मंडळं झाली तेव्हा ते 'उर्वरित महाराष्ट्र' मंडळात होतं. पाण्याचा आणि निधीचा हिशेब त्या रेघेनेच मागावा. संस्कृतीला मात्र ती रेघ लावू नये. दुसरा आक्षेप सीमावादाचा : कन्नड वारसा मान्य केला तर महाराष्ट्राचा दावा ढिला पडेल. ही भीती इतिहासाला धरून नाही. 1930 मध्ये सोलापुरात लागू झालेल्या मार्शल लॉनंतर 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांची नावं सावकाश वाचावीत : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. यांतलं कुठलंही एक नाव वगळून सोलापूर सांगता येणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी 'सोलापूर कुठलं?' असं कुणी विचारलं, तर आधी कोणत्या तालुक्याबद्दल आणि कोणत्या कामासाठी, हे विचारून घ्यावं. सरकारी कागदावर उत्तर एकच आहे. माळशिरस, बार्शी आणि अक्कलकोट यांची सांस्कृतिक उत्तरं वेगळी आहेत, आणि ती तिन्ही खरी आहेत.