एकच पाटील हवा असेल तर

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सभासदांची माहिती मोंगोडीबीत आहे. 2009 साली आलेला हा डेटाबेस आधी रकाने आखून मागत नाही. प्रत्येक सभासदाचा दस्तऐवज वेगळा. कुणाचे दोन फोन, कुणाचा एकही नाही. एका दस्तऐवजाला 16 एमबीची मर्यादा आहे. तिथवर आमचा कुठलाही सभासद पोचणार नाही, कितीही वाचो.

एकच नोंद हवी असली की कोडमध्ये 'फाइंडवन' लिहून अट द्यायची. आडनाव 'पाटील' एवढीच अट दिलीत, तर आधी सापडेल तो पाटील हाती येतो. तो आपल्याला हवा तोच, याची हमी नाही. म्हणून मी आयडीनेच शोधतो. आपण वेगळा दिला नाही तर तो आपोआप बनतो: 12 बाइटचा, पडद्यावर 24 अक्षरांचा. पहिल्या 4 बाइटमध्ये तो तयार झाल्याची वेळही असते! आयडीवर इंडेक्स तयारच असतो, त्यामुळे सगळा ढीग उपसावा लागत नाही.

नवशिक्यांना घाम फुटतो तो पुढे. आयडी डोळ्यांसमोर, तरी उत्तर 'नल', म्हणजे काहीच नाही. कारण वेबपत्त्यातून आलेला आयडी असतो साधा मजकूर आणि आत साठवलेला असतो ऑब्जेक्टआयडी. डेटाबेस दोघांना एक मानत नाही. आधी रूपांतर करा, मग मागा. तरीही 'नल' येऊ शकतं, म्हणून ते तपासल्याशिवाय नाव छापायला जाऊ नका. प्रोग्राम तिथेच कोसळतो आणि काउंटरवरचे आजोबा पुस्तक हातात धरून ताटकळतात.