लिव्हरचा जुना आजार आणि कमी झालेलं रक्त



"ताई, रक्त कमी आहे," हे आपण शिबिरात इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी मनावर घेत नाही. लाल गोळी घ्यायची, गूळ-शेंगदाणे खायचे, झालं! पण घरात कुणाला लिव्हरचा, म्हणजे यकृताचा, जुना आजार असेल, तर एवढ्यावर भागत नाही.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. लिव्हरच्या रोग्यात ते चार वाटांनी कमी होतं.

पहिली वाट रक्तस्रावाची. लिव्हर कडक झालं की त्यातून रक्त नीट वाहत नाही. मग अन्ननलिकेतल्या आणि जठरातल्या शिरा फुगतात, झिरपतात, कधी एकदम फुटतात. दुसरी, पाणथरी म्हणजे प्लीहा वाढते आणि रक्तपेशी अडवून नष्ट करते. तिसरी, जेवण जात नाही, त्यामुळे लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड कमी पडतं. दारू असेल तर हाडाच्या आतल्या मगजात रक्त तयार होणंही मंदावतं. चौथी, जुन्या आजारात अंगात लोह असूनही शरीराला ते वापरता येत नाही. म्हणजे कोठी भरलेली, पण कुलूप लागलेलं!

म्हणून शेजारणीच्या लोहाच्या गोळ्या आणून देऊ नका. काहींच्या लिव्हरमध्ये आधीच लोह साठलेलं असतं, त्यांना जास्तीचं लोह नुकसान करतं. आधी तपासणी, मग गोळी. आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे. त्यातही रक्त कमी होतं आणि डोळे पिवळे दिसतात, म्हणून ती तपासणीही करून घ्या.

दम लागणं, चक्कर, पायात गोळे, कामात मन न लागणं, याला आळस म्हणू नका. आणि लिव्हर बिघडलं म्हणजे दारूच, असंही नाही. कावीळ ब आणि क, शुगर, वाढलेलं वजन यांनीही ते बिघडतं. दारूला कधी न शिवलेल्या बाईलाही हा आजार होतो. लोक काय म्हणतील म्हणून तिनं तो लपवला, तर उपचाराची वेळ निघून जाते.

हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा:
• रक्ताची उलटी
• डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच (लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, पण लिव्हरच्या रोग्यात आपल्या मनानं तसं ठरवू नका)
• बरळणं, गुंगी येणं, माणूस न ओळखणं

घरी काय करायचं? दारू पूर्ण बंद. अंगदुखीची गोळी मेडिकल स्टोअरमधून मनानं आणायची नाही, त्यातल्या काहींनी पोटात रक्तस्राव होतो. वरण, अंडी, दूध बंद करू नका. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर प्रथिनं लागतातच. रात्री झोपताना थोडं खायला द्या. पोटात पाणी झालं असेल तर मीठ कमी, म्हणजे आपल्याच गटाचे पापड-लोणचेसुद्धा त्या ताटात नकोत!

काविळीच्या झाडपाल्यासाठी गटातून कर्ज उचलण्याआधी सावनेरच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासा. गरज पडली तर तिथून नागपूरच्या मेडिकल किंवा सुपरला पाठवतात. तिथे दुर्बिणीनं फुगलेल्या शिरा पाहून त्यांना रबराचे बंध घालता येतात. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक प्रश्न विचारा: कुणाच्या घरी लिव्हरचा रोगी आहे, आणि त्याचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं?