बसंतरकाठचा तरुण सेनानी

डिसेंबरच्या सकाळी चंडीगढच्या सेक्टर १७ मधील प्रशस्त चौकात गेले, तर धुक्यामुळे समोरची इमारतही कित्येकदा दिसेनाशी होते. महाराष्ट्रातील हिवाळा म्हणजे हुरड्याचे आणि कोवळ्या उन्हाचे दिवस. पंजाबच्या मैदानात मात्र थंडी हाडांत शिरते आणि दृष्टीचा पल्ला काही पावलांवर येऊन थांबतो. हेच मैदान वायव्येस सीमेपलीकडे शकरगढपर्यंत पसरले आहे. रावीला मिळणारी बसंतर नदी त्या भागातून वाहते. १९७१ च्या डिसेंबरात या नदीकाठी झालेल्या रणगाड्यांच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी जे शौर्य गाजविले, ते सर्वश्रुत आहे. त्या शौर्यामागील विचारही तितकाच मोलाचा आहे.

अरुण खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील सैन्यात अभियंता अधिकारी होते. चंडीगढहून फारशा दूर नसलेल्या सनावर येथील लॉरेन्स स्कूलमध्ये शिक्षण झाल्यावर ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. १३ जून १९७१ रोजी त्यांना पूना हॉर्स या पलटणीत अधिकारपद मिळाले. १८१७ साली उभी राहिलेली ही पलटण आजही पुण्याचे नाव धारण करते. १९६५ च्या युद्धात परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले लेफ्टनंट कर्नल तारापोर हे याच पलटणीचे. युद्धाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा खेत्रपाल अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रणगाडायुद्धाचे प्रशिक्षण घेत होते. ते अर्धवट टाकून त्यांना पलटणीकडे जावे लागले.

१५ डिसेंबरच्या रात्री भारतीय पायदळाने बसंतर ओलांडून पलीकडे पाय रोवले. रणगाड्यांची वाट सुरुंगांच्या रुंद पट्ट्यातून जात होती. सुरुंग काढण्याचे काम निम्मेच झाले असताना शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झाल्याची वार्ता आली. तेव्हा पूना हॉर्सने उरलेला पट्टा तसाच पार करण्याचा धोका पत्करला. १६ डिसेंबरच्या सकाळी जारपाल गावाजवळ शत्रूने धुराच्या पडद्याआडून प्रतिहल्ला केला. संख्येने कमी पडलेल्या स्क्वॉड्रनने बिनतारी यंत्रावरून मदत मागितली आणि खेत्रपाल आपले रणगाडे घेऊन निघाले. वाटेतील शत्रूच्या मोर्चांवर ते चालून गेले आणि तेथील काही सैनिकांना त्यांनी पिस्तुलाच्या धाकाने कैद केले. या चकमकीत त्यांच्या एका रणगाड्याचा प्रमुख धारातीर्थी पडला. तरीही तुकडी थांबली नाही. पुढे झालेल्या निकराच्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले. त्यांपैकी चार एकट्या खेत्रपाल यांनी टिपले.

याच झुंजीत त्यांच्या रणगाड्याने पेट घेतला आणि ते स्वतः गंभीर जखमी झाले. रणगाडा सोडून बाहेर पडण्याची आज्ञा आली. तोफ अजून चालते आहे, तेव्हा आपण रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी बिनतारी यंत्रावरून कळविले.

सैन्यात आज्ञापालन हा पहिला धर्म होय. मग या नकारास काय म्हणावे? आज्ञा देणाऱ्याला आपल्या अधिकाऱ्याच्या प्राणांची चिंता होती आणि ती योग्यच होती. परंतु पुढची स्थिती खेत्रपाल यांना डोळ्यांसमोर दिसत होती. शत्रू मोठी हानी सोसूनही पुढे सरकत होता; त्यांचा रणगाडा हटला असता, तर शत्रूला फळी फोडण्यास वाट मिळाली असती. त्यांनी मौन धरून आज्ञा टाळली नाही. कारण सांगून नकार दिला. त्या नकाराची किंमतही लहान नव्हती. सेंच्युरियन रणगाड्यात नायकासह चौघे असतात, आणि नायकाचा निर्णय चौघांनाही बांधून ठेवतो. कनिष्ठ अधिकाऱ्याच्या नेतृत्वाची खरी कसोटी अशा वेळी लागते. त्याच्या हाती तीन-चार रणगाडे असतात. पण एखाद्या क्षणी साऱ्या लढाईचा भार त्या तीन-चारांवरच येऊन पडतो, आणि सल्ला घेण्यास अवधी नसतो.

खेत्रपाल यांनी आणखी एक रणगाडा उडविला. मग दुसरा गोळा त्यांच्या रणगाड्यावर बसला आणि ते कामास आले. फळी मात्र फुटली नाही. दुसऱ्याच दिवशी युद्ध थांबले. एकविसाव्या वर्षी देह ठेवलेल्या या वीरास मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

२००१ साली त्यांचे वृद्ध वडील आपली जन्मभूमी पाहण्यास पाकिस्तानात गेले. तेथे त्यांचे आतिथ्य करणारे ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर १९७१ साली समोरच्या तेराव्या लान्सर्स पलटणीत होते. आपल्याच हातून अरुण यांचा मृत्यू झाल्याचे त्यांनी त्या पित्यास सांगितले आणि त्यांच्या धैर्याचा आदराने गौरव केला. ज्या रणगाड्यात खेत्रपाल अखेरपर्यंत लढले, तो ‘फामागुस्ता’ डागडुजी करून अहिल्यानगरच्या प्रशिक्षण केंद्रात जतन करण्यात आला. अर्धवट राहिलेले शिक्षण जेथे पुरे व्हायचे होते, तेथेच आज नव्या अधिकाऱ्यांसमोर तो उभा आहे.