भातास दिवस कसे मोजतां येतात?

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हां रोह्याकडील एका विद्यार्थ्यानें वर्गांत एक शंका विचारली. त्याच्या घरीं गरव्या भाताची पेरणी व लावणी एका शेतांत वेळेवर, तर दुसऱ्यांत पंधरा दिवस उशिरां झाली होती. तरी दोन्ही शेतें जवळजवळ एकदमच निसवलीं, आणि उशिराच्या शेताचें पीक मात्र कमी उतरलें. असें कां व्हावें? पेण-रोह्याच्या पालकांस हा अनुभव नवा नाहीं. पण प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हे, हें मला उत्तर शोधूं लागल्यावर कळलें.

भाताच्या प्रत्येक पेशींत सहस्रावधि जनुकें असतात, परंतु तीं सर्व एकाच वेळीं काम करीत नाहींत. एका जनुकापासून झालेलें प्रथिन दुसऱ्या जनुकाची उघाडी उघडतें किंवा बंद करतें. खारबंदिस्तीचा बांध पाहिलेल्या मुलांस ‘उघाडी’ काय तें सांगावयास नकोच. जाकोब व मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९६१ सालीं जंतूंच्या बाबतींत ही व्यवस्था विशद केली. गणिताचा प्रवेश येथेंच होतो.

समजा, एका जनुकामुळें दर मिनिटास १० प्रथिनकण तयार होतात, आणि असतील त्यांचा दशांश दर मिनिटास नाश पावतो. मग कण १०० झाले कीं आवक व जावक सारखी होऊन संख्या स्थिर राहील. आतां उघाडी बंद करा: १००, ९०, ८१, ७३ असे कण घटत जाऊन सातव्या मिनिटास निम्म्याहून कमी उरतील. (पाटीवर करून पाहावें.) आतां दोन जनुकें परस्परांस दडपीत आहेत असें धरा. हें दडपण पुरेसें तीव्र असेल, तर ज्याची सरशी होईल त्याचीच टिकते. मधली स्थिति तग धरीत नाहीं. गार्डनर, कॅंटर व कॉलिन्स यांनीं २००० सालीं अशी जोडी जंतूंत प्रत्यक्ष बसवून दाखविली.

भाताच्या पानांतही अशीच ओढाताण चालते. ‘एचडी३ए’ जनुकाचें प्रथिन पानांतून शेंड्याकडे जातें व लोंबी धरण्याची आज्ञा देतें. ‘ईएचडी१’ त्यास चालना देतें, आणि दिवस मोठा असतां ‘जीएचडी७’ या ‘ईएचडी१’ला अडवून धरतें. दिवस अर्धाच तास लहान झाला तरी ‘एचडी३ए’चें काम कित्येक पटींनीं वाढतें, असें जपानांतील प्रयोगांत २०१० सालीं दिसून आलें. आपल्याकडे जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा. सप्टेंबरअखेर तो बारा तासांवर येतो. गरव्या भाताची उघाडी या उतरणीवर उघडते, पेरणी केव्हां झाली हें ती विचारीत नाहीं. म्हणून उशिराच्या रोपांस फुटवे काढण्यास दिवस कमी मिळतात. हळव्या जातींत सूर्याचें हें बंधन सैल असतें.

खऱ्या रोपांत जनुकें पुष्कळ, आणि त्यांपैकीं बहुतेकांचे वेग कोणीं मोजलेले नाहींत; यास्तव वरील दोन ओळींच्या गणितानें निसवण्याची तारीख निघणार नाहीं, इतकें मान्य केलें पाहिजे.

हें सर्व ऐकून तो विद्यार्थी म्हणाला, “मग सर, त्या शेतांत हळवें पेरावयास हवें होतें.” त्याच्या आजोबांनीं जूनमध्येंच तसें सांगितलें होतें, असें मागाहून समजलें.