वेलीला झोप नाही

"मिरी!" ग्लासात नाक घालून बायको म्हणाली.

मी हुंगलं. पिकलेल्या जांभळासारखं काहीतरी, थोडं ओलं लाकूड. मिरी कुठेच नाही. "समोरच्या काजूंवरची असेल," मी म्हणालो. तिने बशी लांब सरकवली, पुन्हा हुंगलं आणि शांतपणे म्हणाली, "मिरीच."

फेब्रुवारीतली शनिवारची संध्याकाळ. नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या पाण्याकडे तोंड करून आम्ही दोघं शिराझ वाइन घेऊन बसलो होतो. दोन दिवस काहीही करायचं नाही, एवढंच ठरवून मुंबईहून निघालो होतो. पण मला वाद अर्धवट सोडवत नाही. खोलीवर जाऊन वाचत बसलो आणि हरलो.

शिराझमधला तो वास रोटंडोन नावाच्या रेणूचा. काळ्या मिरीला तिचा खास वास देणाराही हाच. म्हणजे वास मिरी'सारखा' नव्हे, मिरीचाच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली हे दाखवून दिलं. एक लिटर रेड वाइनमध्ये ग्रॅमचे जेमतेम 16 अब्जांश एवढा रोटंडोन असला तरी नाकाला कळतो. सगळ्याच नाकांना मात्र नाही. त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला तो साध्या पाण्यात शेकडो पट वाढवून दिला तरी जाणवेना. मी बहुधा त्यांच्यातलाच. मिरीचा तिखटपणा मला कळतो, पण तो पायपरिनचा, ते खातं वेगळं. इतकी वर्षं एकाच डब्यातला मिरीचा पापड खातो आहोत, आणि तिचा पापड निराळा होता तर!

आणखी एक गंमत. रोटंडोन पहिल्यांदा सापडला तो द्राक्षात नाही की मिरीत नाही, नागरमोथ्याच्या गाठींमध्ये. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'रोटुंडस'वरून रेणूचं बारसं झालं. उटण्यात पडतो तोच हा नागरमोथा, आणि उपटून उपटून शेतकरी ज्याला वैतागतो ते तणही हेच.

सकाळी बागेत गेलो. ऊन चढायच्या आत तोडणी आटपायची म्हणून क्रेट भराभर भरत होते. वाइनची द्राक्षं करवंदाएवढी, जाड सालीची, बियांची. बाजारातल्या थॉमसन द्राक्षांची सवय असलेल्याला दरिद्री वाटतील. पण रेड वाइनचा रंग सालीतून येतो, आत रस बहुतेक पांढराच, म्हणून मणी लहान तेवढा बरा. एक मणी चावून बघितला. इतका गोड असेल असं वाटलं नव्हतं.

तोडणीवरच्या मुकादमांना सहज म्हटलं, "आता वेलींना विश्रांती?"

"कसली विश्रांती! एप्रिलला खरड छाटणी."

युरोपातल्या वेलीचं वर्ष सोपं असतं. हिवाळ्यात पानं गाळून झोपायचं, वसंतात उठायचं, सप्टेंबरच्या आसपास घड द्यायचे. पण बोर्दो आहे 45 अक्षांशाजवळ आणि नाशिक 20 अंशांवर. इथली थंडी आपल्याला शाल घ्यायला लावते, वेलीला झोपवत नाही. मोकळी सोडली तर ती नुसती वाढत सुटेल. मग ऋतूचं काम कात्रीने करायचं. एप्रिलमध्ये काड्या एका डोळ्यापर्यंत खरडायच्या, की नवी फूट येते. पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग. कडाक्याचा हिवाळा होऊन गेला, असं वेलीला भासवणारी ही थाप. वर्षाला दोन वसंत, हिवाळा एकही नाही, आणि पीक एकच. ते जानेवारी ते मार्चमध्ये येतं. तेव्हा पाऊस नसतो आणि रात्री गार असतात, त्यामुळे साखर भरली तरी आंबटपणा टिकतो. गंगापूरच्या सुला वाइनरीची पहिली वाइन 2000 साली आली. ही सगळी उलटी घडी नीट बसवायचं कसब मात्र आधीपासून खाण्याची द्राक्षं पिकवणाऱ्या इथल्या बागाईतदारांच्या हातात होतं.

माझं डोकं खरं चक्रावलं ते पुढे. फेब्रुवारीत तोडलेला घड ऑक्टोबरात जन्मलेला नसतो. खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, ऐन उन्हाळ्यात, नव्या काडीवरच्या डोळ्याच्या आत तो सूक्ष्म रूपात तयार होतो. त्या दिवसांत ऊन आणि वेलीची ताकद पुरली तर घड. आभाळ भरून राहिलं, वेल अशक्त असली, तर तोच अंकुर बाळी होतो. बाळी म्हणजे तारेला वेटोळं घालणारा तो स्प्रिंगसारखा तंतू. घड आणि बाळी एकाच बिंदूतून निघतात. मधल्या अवस्थेलाही इथे शब्द आहे, गोळी घड. शेतकरी म्हणतो, घड जिरला.

तारेवर एक बाळी वाळून तारेइतकीच कडक झाली होती. बायकोने ती सोडवायचा बराच प्रयत्न केला, शेवटी मोडून घेतली.

"हा घड होता होता राहिलेला," मी म्हणालो.

तिने ती नाकाशी नेली.

"मिरी?"

"काही नाही."

मीही हुंगली. खरंच काही नव्हतं.